हरणाचो वाटो

काकी सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेली आणि हरणाची गोष्ट घेऊन परत आली. नातवाचं नाक कोणावर गेलं, तो रात्रीचा किती रडतो, सून दुधासाठी काय खाते, हे सगळं पहिल्याच सकाळी गडग्यावर उरकलं. तेव्हापासून रोज मी अबोलीला पाणी घालायला बाहेर आले की पलीकडून हाक येते, "गो बाय, थोडां सांगूचां रवलां मा!"

आमच्या दोन घरांमधला गडगा चिऱ्यांचा, छातीएवढा. त्यावर काकीचा गोलमा, म्हणजे जवळा, वाळत असतो आणि मांजरांपासून तो राखायला तिला तिथे उभं राहावंच लागतं. निदान नवऱ्याला, तात्यांना, ती तसं सांगते.

तिचा झिल, म्हणजे मुलगा, विस्कॉन्सिनात, मॅडिसन शहराच्या कडेला राहतो. शेजारी एक प्लंबर. ("नळ दुरुस्त करता, पण दारात दोन गाड्यो आणि एक होडी!") नोव्हेंबरच्या शेवटी म्हणे त्या मुलखाला वारं लागतं.

"शिमग्याक आपले चाकरमानी कशे गावात येतत, तसो थंय सगळो मुलूख रानात जाता. नव दिवस. शाळेतली मास्तरीण जाता, ब्यांकेतलो सायब जाता, म्हातारे जातत, पोरां जातत. सगळ्यांच्या आंगार भडक नारिंगी जाकिट. मी म्हटलंय, असो रंग बघून हरण पळान नाय जायत? तर झिल म्हणता, आये, हरणाक तो रंग कळना नाय. माणसाक कळता. माणसान माणसाक गोळी घालूची नाय म्हणान तो रंग."

हे मात्र काकीने तिखटमीठ लावलेलं नाही. तिथला बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस चालतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास लोक त्याचा परवाना काढतात. २०११ च्या जनगणनेत आपला सिंधुदुर्ग जिल्हा सगळा मिळून साडेआठ लाखांचा. पोरं आणि म्हातारे वगळले तर उरलेला जिल्हा बंदुका घेऊन आंबोलीच्या घाटात शिरलाय, अशी कल्पना करून बघा. २०१६ पासून तिथे नारिंगीबरोबर भडक गुलाबी जाकिटही कायद्याने चालतं. काकीला ते कळल्यावर तिने लगेच विचारलं की लुगडं चालेल का.

"तर एका सकाळी मी नातवाक उन्हार घेवन उभी, आणि शेजाऱ्याच्या गॅरेजाचां दार उघडां. आत बघतंय तर गाडयेच्या जाग्यार हरण! उलटां टांगलेलां. गो, माझ्या पोटात गोळो इलो. मी झिलाक हाक मारलंय, म्हटलंय, रे आदी दार लाव, पोलीस येतले!"

पोलीस कशाला येतायत. त्या प्लंबरने आपणच फोनवरून सरकारला कळवलं होतं, मी एक नर मारला म्हणून, आणि सरकारने त्याला नंबर दिला होता. काकीला हे पचायला दोन दिवस लागले. तिची काय चूक? आपल्याकडे हरणाचं मटण हा शब्दच माणूस इकडेतिकडे बघून उच्चारतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली भेकर काय, सांबर काय, पिसय काय, हात लावायचा नाही. मेलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता. रस्त्यात गाडीखाली आलेलं भेकर घरी आणलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

"तो सलमान बघ ना," तात्या खळ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले. तात्यांचा आमच्या गप्पांत भाग नसतो, फक्त कान असतो. "काळवीट मारल्याचो खटलो १९९८ चो. पाच वर्सांची शिक्षा कधी लागली? २०१८ साली. आणि लगेच जामीन. वीस वर्सां वकील पोसूची ताकद आसा म्हणान. आपल्याक परवडात?"

"तुमका कोण विचारता?" काकी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून पुढे सुरू झाली.

पुढचं सगळं तिने समोर बसून पाहिलेलं. प्लंबरने तिला बोलावलंच, उपडी बादली बसायला दिली आणि म्हणाला, बघा. हरण आधीच चार दिवस टांगून ठेवलेलं. ते ऐकून मी नाक मुरडलं, कारण आमच्याकडे सकाळी मारलेला बोकड दुपारपर्यंत टोपात गेला नाही तर लोक तोंडं वाकडी करतात. पण तिथे त्या दिवसांत गॅरेज म्हणजेच फ्रीज. पारा शून्याच्या वर दोन-चार अंश. तेवढ्या थंडीत मांस कुजत नाही. मेल्यावर ताठलेले स्नायू हळूहळू सैल पडतात आणि मटण मऊ होतं. पोट मात्र रानातच, मारल्या मारल्या रिकामं करायचं. तिथे उशीर केला की मग कितीही थंडी असो, उपयोग नाही.

"कातडां काढताना सुरी थोडी आणि मूठ जास्त," काकीने हवेत मूठ फिरवून दाखवली. "मागल्या पायांकडसून सोडवल्यान, आणि मगे मुठीन दाबीत दाबीत खाली. केस मटणाक लागूक देणा नाय. एक केस लागलो तरी पुसून काढी. आणि गो, पुढचो पाय! तेना पाय धरल्यान, वाईच बाजूक ओढल्यान, काखेत सुरी फिरवल्यान, आणि आखो पाय हातात. हाडार सुरी वाजली नाय."

"वाजतली कशी?" तात्या. "पुढच्या पायाक धडाबरोबर सांधोच नसता. मासार लटकलेलो आसता नुसतो. बोकडाचां पण तसांच. आमच्या खाटकाक उगीच कोयतो मारूची सवय."

हे मला ठाऊक नव्हतं, आणि जन्मभर मटण खाऊन ठाऊक नव्हतं याचं मला नवल वाटलं. आपल्याला हाड म्हणजे चिंचेच्या ओंडक्यावर कोयत्याचा घाव एवढंच माहीत. सगळ्या मटणाचे सारखे तुकडे, मांडीचा आणि मानेचा एकाच पिशवीत, एकाच टोपात. तो प्लंबर सुरी हाडावर चालवतच नव्हता. मागच्या मांडीत एकेक स्नायू आपापल्या पातळ पडद्यात गुंडाळलेला असतो. त्या पडद्यांच्या फटीत बोट घालून तो स्नायू सुटे करायचा आणि सुरी फक्त टोकाला लावायचा. पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना हातभर लांबीचे दोन पट्टे असतात. ते अख्खे सोलून काढले. ते फार कोवळे. मान, पुढचे पाय, बरगड्यांमधलं मांस खिम्याच्या यंत्रात. साठ किलोचं धूड असलं तरी डोकं, कातडं, हाडं वजा जाता हाती निम्म्याहून कमीच लागतं. एवढं काम दुकानात करून घ्यायचं तर शंभराच्या वर डॉलर जातात, म्हणून घरोघरी गॅरेजात ही कापाकापी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पांढरी साल काढण्यात. मांसावर चंदेरी पातळ साल असते, ती कितीही शिजवली तरी चामट राहते. आणि चरबी. काकी म्हणते त्याने चरबीचा कणसुद्धा ठेवला नाही, सगळी बाजूला काढून पाखरांना टांगली.

"मी म्हटलंय, अरे चरबयेतच चव! तर तेना एक तुकडो तव्यार घालून माझ्या हातार ठेयल्यान. तोंडात घातलंय मात्र, टाळयेक मेण लागलां, मेण! गरम पाणी पिऊन पिऊन सुटलां."

बोकडाची चरबी टाळ्याला लागते ती मटण गार झाल्यावर. हरणाची त्याहून लवकर, तोंडातल्या तोंडातच थिजते. म्हणून ती काढायची, आणि ती काढली की मागे उरतं ते निव्वळ लाल मांस, कोरडं. तिथले लोक मग त्यात डुकराची चरबी घालून सॉसेज भरतात, किंवा पातळ पट्ट्या करून मसाला लावून सुकवतात. या पट्ट्यांवर काकीचा जीव जडला. सुक्या बांगड्याची जातकुळी, म्हणाली. बॅगेत घालून आणायच्या होत्या, पण झिलाने विमानतळावर भानगड नको म्हणून काढून घेतल्या.

खरं भांडण झालं ते हाडांवरून. प्लंबरने सगळी हाडं एका काळ्या पिशवीत भरली आणि पिशवी कचऱ्यात. काकी उठून उभी राहिली. नळ्या टाकतो? मानेची हाडं टाकतो? सागुतीला उरलं काय मग? तिने झिलाला मध्ये घेऊन सांगायला लावलं, निदान मागच्या पायाच्या नळ्या दे. तर झिलानेच पिशवीला गाठ मारली.

कारण तिकडच्या हरणांना एक रोग आहे. विस्कॉन्सिनात तो २००२ साली पहिल्यांदा सापडला. जंतू नाही, विषाणूही नाही. मेंदूतलं एक प्रथिन बिघडतं आणि शेजारच्या प्रथिनांना बिघडवत जातं. हरण वाळतं, लाळ गाळतं, झोकांड्या खातं आणि मरतं. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण हे बिघडलेलं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही, त्यामुळे रोगी जनावर खाऊ नका असा तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला. मेंदू, कणा, मानेतल्या गाठी यांना तर सुरीच लावायची नाही. म्हणून हाडं न तोडता नुसतं मांस सोडवायचं. आणि मारलेल्या हरणाचं डोकं सरकारने ठेवलेल्या पेटीत नेऊन टाकायचं. दोन आठवड्यांनी निकाल येतो. तोवर मटण तारीख-नंबर घालून फ्रीजरमध्ये.

"धावीच्या निकालाक झिलाची एवढी वाट बघूक नाय," काकी म्हणाली.

मी म्हटलं, काकी, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे. २०१६ साली दोडामार्गाच्या केर गावात माकडताप निघाला तेव्हापासून काजूच्या बागेत जायचं तर लोक अंगाला तेल लावून जातात. गोचडी रानातल्या जनावरांवरच पोसलेल्या. चोरून मारलेलं भेकर खांद्यावर टाकून आणणारा त्या गोचडीही घरी आणतो, आणि त्याला काही पेटीत डोकं टाकून निकाल मागवता येत नाही. चोरीच्या मटणाला तपासणी नाही.

"ह्यां बाकी खरां," तात्या म्हणाले, आणि या वेळी काकीने त्यांना गप्प केलं नाही.

निकाल चांगला आला. मग काकीने पदर खोचला. मटण करायचं तर करायचं, पण तिथल्या पद्धतीने आतून गुलाबी ठेवलेलं आपण खाणार नाही, हे तिने आधीच जाहीर केलं. मानेचं आणि पुढच्या पायाचं मांस तिने खिम्यापासून वाचवून मागून घेतलं होतं. आलं-लसूण, हळद, मीठ लावून ठेवलं. कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजलं, सोबत नेलेला मसाला, आणि मंद विस्तवावर टोप. कुकर नाही. तिचं म्हणणं, या मटणाला चरबी नाही, ती खोबऱ्याने भरून काढायची. वाटप बोकडाच्या दीडपट. मला हे पटतं. मालवणी सागुतीतलं वाटप चवीसाठी असतं असं आपण समजतो, पण रानातल्या सुक्या, राकट मांसाला तेल पुरवणं हेही त्याचं काम असावं. आमच्या आज्या ज्या मटणावर हात बसवून गेल्या ते काही आजच्या कुर्बानीच्या बोकडासारखं माजवलेलं नव्हतं.

पाठीच्या पट्ट्याचं मात्र तिने सुकं केलं. पातळ काप, जाड तवा, पटकन. तिथे प्लंबरचं ऐकलं, कारण तो पट्टा जास्त शिजवला की सुंभ. "ह्यां तेका कळतां," काकी म्हणाली. तिच्याकडून परक्या माणसाच्या स्वयंपाकाला एवढी पावती मी पहिल्यांदाच ऐकली. परतफेड म्हणून प्लंबरने मसाल्याची अर्धी पिशवी नेली आणि पुढच्या आठवड्यात मालवणी मसाल्याची सॉसेज दारात आणून ठेवली. काकी म्हणते, बरी होती. पण कोथिंबीर हवी होती.

हे ऐकता ऐकता तात्या खुर्ची ओढत गडग्यापाशी आले. ते कायदा येण्याआधीचे, म्हणजे त्यांनी लहानपणी रानात हाकारे घातलेले.

"आमच्या वेळेक बंदूक गावात एक, ठासणीची," ते म्हणाले. "शेती राखूक दिलेली. आतासुद्धा कोणाकडे आसा तर इलेक्शन इली की ठाण्यार नेवन जमा करूची लागता, आणि डुकर नेमको तेवाच भातात येता. तर तेवा एकटो कोण जायच नाय. वाडी जाय. दहा माणसां हाको घालूक, चार कुत्रे, आणि बंदूक एक. भेकरां गावलां तर पडवयेत केळीची पानां पसरूची आणि वाटे घालूचे."

वाटे कसे घालायचे, हे सांगताना तात्यांची बोटं हलत होती. काळीज आधी कापायचं, प्रत्येक पानावर तुकडा तुकडा. मग मांडी, मग बरगडी, मग मान, मग हाडं, सगळ्यातलं थोडं थोडं सगळ्या पानांवर. एका पानावर नुसतं मांस आणि दुसऱ्यावर नुसती हाडं असं होता कामा नये. बंदुकीला एक वाटा जास्त. कुत्र्यांचाही वाटा, तो कुत्र्यांच्या धन्याला. मुंडकं मानकऱ्याकडे. घरात पुरुषमाणूस नाही अशा बाईच्या दाराशीही एक पान जायचं, तिच्याकडचं कोणी रानात गेलेलं नसलं तरी. आणि सगळे वाटे मांडून झाले की एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसरा एका पानावर बोट ठेवून विचारणार, "हो कोणाचो?" पाठमोरा नाव घेणार. ज्याचं नाव निघालं त्याचं ते पान. मग तक्रारीला जागाच नाही.

"कोणी पैसे देय?" मी विचारलं.

"पैसे?" तात्यांना प्रश्नच कळला नाही. "रानातल्या मटणाक पैसे?"

आणि इथे काकीने जे सांगितलं ते मला सगळ्या गोष्टीत मोठं वाटलं. त्या प्लंबरने तिला पाच-सहा पुडकी दिली, कागदात गुंडाळून, वर तारीख आणि कुठल्या भागाचं ते लिहून. काकीने रिवाजाप्रमाणे झिलाला म्हटलं, काहीतरी पैसे दे रे. झिल म्हणाला, दिले तर त्यालाच दंड होईल. तिथे शिकारीचं मटण विकायला बंदी आहे. खा, वाटा, गरिबांच्या अन्नछत्राला द्या, विकायचं नाही.

त्यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडे धंदेवाईक शिकारी होते. रेल्वेच्या डब्यांतून हरणं शहरांतल्या हॉटेलांना जायची. १९०० च्या सुमाराला सबंध अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं तीन ते पाच लाखांवर आली होती. विक्री बंद झाली, शिकारीला हंगाम आणि परवाना लागला, रानं पुन्हा वाढली, आणि आज तीच हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. इतकी की लोकांच्या बागा खातात, गाड्यांवर आदळतात. म्हणून सरकारच म्हणतं, मारा.

आपल्याकडे तेवढं थांबायला कोणाला वेळ नव्हता. वाडीच्या हाकाऱ्यांनी रान संपलं नसतं. रान संपत आलं ते रात्री जीपच्या उजेडात, डोळे चमकले की बार. त्या मटणाचे वाटे पडत नाहीत, त्याला दर असतो. आताही कुठल्याशा ढाब्यावर वेटर कानाशी येऊन 'स्पेशल' म्हणतो असं ऐकू येतं. निम्म्या वेळा ते बोकडच असतं म्हणे, भाव तेवढा हरणाचा. खाणारा चोरून खातो, मग तक्रार कुठे करणार? माझं मत विचाराल तर बंदी आहे तीच बरी. तीन कोटींतून एक उचलणं वेगळं आणि आमच्या डोंगरात रात्री जे एखादं भेकर खोकल्यासारखं भुंकतं त्याच्यावर नेम धरणं वेगळं. तात्यांनाही हे मान्य आहे, फक्त डुकराचं नाव काढलं की ते ऐकत नाहीत. त्यांचा कणग्यांचा वाफा गेल्या साली एका रात्रीत नांगरून गेला.

"मगे आंगणेवाडीच्या पारधीचां काय?" काकीने विचारलं. परतायची तिची सगळी धावपळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेसाठीच होती. तारीख कळली तशी तिने झिलाला तिकीट अलीकडे ओढायला लावलं. या जत्रेची तारीख पंचांगात नसते. भाताची कापणी-मळणी उरकली की देवीला कौल लावून, पारध होऊन, मग ती ठरते, अशी तिथली जुनी रीत. मुंबईचा चाकरमानी रेल्वेचं आरक्षण काढायला त्या एका तारखेकडे डोळे लावून बसतो.

"देवीचां देवी बघीत," तात्या म्हणाले. "तू आयतवारचां बघ. वाडीत बोकड कापूचो ठरलो आसा. वाटे घालतत."

म्हणजे रान गेलं तरी वाटे राहिलेत. हल्ली चार-सहा घरं मिळून बोकड आणतात, वर्गणी काढतात आणि कोणाच्या तरी मागीलदारी केळीची पानं पडतात. दुकानापेक्षा स्वस्त, आणि बोकड डोळ्यांसमोरचा. पण कापायला खाटीकच येतो, आणि तो सगळ्याचे एकसारखे तुकडे करतो.

काकी आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेली एक सुरी घेऊन आली. अरुंद पात्याची, लवचीक, मूठ केशरी. प्लंबरने निघताना दिलेली. मोठ्या बॅगेत तळाशी घालून आणलेली.

"ह्या आयतवारी खाटकाक मारूक आणि सोलूक सांगूया," ती म्हणाली, "कापतले तात्या. पुढचो पाय सांध्याशिवाय कसो सुटता, तां माका हंय बघूचां आसा."

"आणि नळ्यो?" मी विचारलं.

"नळ्यो फोडूक कोयतो आसा मा! बोकडाक खंयचो रोग?" तात्या म्हणाले. "आणि बाय, तुझां नाव घालू काय वाट्याक? आज सांजपर्यंत सांगूक व्हयां. अजून एक वाटो शिल्लक आसा."

मी म्हटलं, घाला. पण नाव पुकारताना पाठ तात्यांनी फिरवायची नाही, दुसऱ्या कोणी तरी.